क्रियापद आणि त्याचा सोबती

गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी भेटीस आली होती. हैदराबादेतील एका रुग्णालयात ती परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाली आहे. पहिल्याच आठवड्यातील एक प्रसंग तिने सांगितला. परदेशी राहून आलेले एक वृद्ध गृहस्थ सकाळी तिला म्हणाले, "आय थ्रू अप ट्वाइस." थ्रो म्हणजे फेकणे आणि अप म्हणजे वर, हे तिला शाळेपासून ठाऊक. आजोबांनी रागाच्या भरात काही भिरकावले असावे, असे समजून तिने खाटेभोवती पाहिले आणि नोंदवहीत काहीच लिहिले नाही. सुदैवाने एका वडील परिचारिकेने पुन्हा विचारपूस केली, तेव्हा उलगडा झाला की, त्या गृहस्थांना रात्रीतून दोनदा उलटी झाली होती. "फादर, दोन्ही शब्द मला येत होते हो," असे म्हणताना त्या मुलीचे डोळे भरून आले.

दोन्ही शब्द येत असावेत आणि तरीही अर्थ हुकावा, ही अडचण तिच्या एकटीची नव्हे. इंग्रजीत क्रियापदाला अप, ऑफ, आउट, इन, ऑन असा एखादा लहानसा शब्द जोडला की, पुष्कळदा एक नवेच क्रियापद जन्मास येते. गिव्ह म्हणजे देणे. परंतु गिव्ह अप म्हणजे सोडून देणे आणि गिव्ह इन म्हणजे नमते घेणे. कॉल म्हणजे बोलावणे. परंतु कॉल ऑफ म्हणजे ठरलेले रद्द करणे. लुक म्हणजे पाहणे; लुक आफ्टर म्हणजे सांभाळ करणे. सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला सुप्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले आहे की, परकीयांना सर्वांत जड जाते ते अशा जोड्यांपाशी. पुढे 1925 साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या ग्रंथातून या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव रूढ झाले.

आता, वाचकहो, भिऊन जाण्यापूर्वी आपल्या घरातील बोलण्याकडे जरा कान द्या. आई मुलाला म्हणते, "तेवढे पैसे देऊन टाक." येथे कोणी पैसे खाली टाकतो काय? टाकणे या क्रियापदाचा मूळ अर्थ मागे राहिला असून, काम एकदाचे पुरते करावे, एवढाच भाव उरला आहे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील आपली मुले तर याहून भाग्यवान आहेत. घरी ती 'देऊन टाक' ऐकतात. बाजारात कन्नड माणूस 'कोट्टुबिडु' म्हणतो, त्यातील 'बिडु' म्हणजे सोडणे. आणि मोटारतळावर दखनीतून 'दे डालो' कानी पडते. तिन्ही भाषा मुख्य क्रियापदास एक सोबती देतात आणि त्या सोबत्याचा मूळ अर्थ बाजूस ठेवतात. इंग्रजीही असेच काहीसे करते. मात्र तिचा सोबती दुसरे क्रियापद नसून अव्यय असते.

या दृष्टीने पाहिले असता पुष्कळ जोड्या ओळखीच्या वाटू लागतात. ईट अप म्हणजे खाऊन टाकणे, यूज अप म्हणजे वापरून संपवणे. येथे अप हा शब्द पूर्णता दाखवतो. गो ऑन म्हणजे चालू ठेवणे, रीड ऑन म्हणजे वाचत राहणे. येथे ऑन सातत्य दाखवतो. कट ऑफ म्हणजे तोडून टाकणे; येथे ऑफ म्हणजे वेगळे होणे. फाइंड आउट म्हणजे शोधून काढणे. येथे तर आउट आणि आपले काढणे ही सख्खी भावंडेच शोभतात! अर्थात ही किल्ली प्रत्येक कुलपास लागत नाही. थ्रो अप, पुट अप विथ म्हणजे सहन करणे, अशा जोड्या अनुभवानेच शिकाव्या लागतात.

शब्द ठेवण्याच्या जागेचाही एक नियम आहे. पुस्तक उचल, हे सांगताना 'पिक अप द बुक' आणि 'पिक द बुक अप' ही दोन्ही रूपे शुद्ध होत. परंतु सर्वनाम आले की ते मध्येच बसते: 'पिक इट अप'. येथे अप हे क्रियाविशेषण आहे. याउलट लुक आफ्टर यातील आफ्टर हे शब्दयोगी अव्ययासारखे नामाशी बांधलेले आहे. म्हणून 'लुक आफ्टर हिम' असेच म्हणावे लागते.

आपल्या देशातील दोन रूपांविषयीही सावध राहावे. 'कोप अप विथ' असे पुष्कळ सुशिक्षितही म्हणतात. वस्तुतः कोप विथ एवढेच पुरते. तसेच शिक्षण पूर्ण केले या अर्थी आपण 'पास्ड आउट' म्हणतो. सैनिकी प्रशिक्षणाच्या संदर्भात इंग्लंडातही तो अर्थ आहे. परंतु एरवी तेथील मनुष्य त्याचा अर्थ 'बेशुद्ध पडलो' असाच घेईल. परदेशी नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या परिचारिकेने हे अवश्य ध्यानी ठेवावे.

परकी भाषा आत्मसात होते, याचे उदाहरण आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातच आहे. इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले आणि 1616 साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' मराठी ओवीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या! एका इंग्रजास जे साधले, त्याच्या उलट दिशेचे काम आपल्या मुलांना का साधू नये?

यास्तव पालकांना एक विनंती. मुलांकडून सुट्या शब्दांची घोकंपट्टी करवून घेऊ नका. एक वही करावी. दररोज संध्याकाळी, जपमाळेनंतर, एक जोडी पूर्ण वाक्यासह तीत लिहावी आणि शेजारी मराठीत आपण ते कसे म्हणू, हेही लिहावे. वर्षाअखेरीस तीनशेहून अधिक जोड्या पदरी पडतील. आणि एखादी जोडी कळली नाही, तर पुन्हा विचारण्याची लाज वाटू देऊ नये. त्या रुग्णालयात एक प्रश्न पुन्हा विचारला गेला, म्हणूनच रुग्णाचे दुखणे कळले.

जाता जाता एक जोडी अशी सांगतो की, जी इंग्रजी मिस्सेत ऐकू येते. भाकर हाती घेऊन याजक प्रभूचे शब्द उच्चारतो, तेव्हा प्रभूच्या शरीराविषयी 'गिव्हन अप' असे शब्द येतात. मूळ लॅटिन शब्द 'त्रादेतुर' असा असून त्याचा अर्थ 'स्वाधीन केले जाईल' असा होतो. व्यसन सोडणारा गिव्ह अप करतो, हताश झालेलाही गिव्ह अप करतो. आणि प्रभूने आपणांसाठी स्वतःस अर्पण केले, तेही त्याच दोन शब्दांत सांगितले जाते. पुढील वेळी ते शब्द कानी पडतील, तेव्हा ते नुसते ऐकू नयेत. अर्थासह मनात उतरवावेत.