पोटठेकेदाराचं अडकलेलं बिल: पाच गैरसमज

सेंट्रिंग असो, प्लास्टर असो की वायरिंग, इमारत उभी राहते पोटठेकेदारांच्या जिवावर. मुख्य ठेकेदाराकडे बिल महिनोन्‌महिने अडकलं, तरी मजुरांचा आठवड्याचा पगार थांबवता येत नाही. असं असूनही अनेक पोटठेकेदार हक्क सोडून गप्प बसतात, ते पुढच्या गैरसमजांपायी.

गैरसमज: वर्क ऑर्डर नाही, म्हणजे करारच नाही.
वस्तुस्थिती: भारतीय करार कायदा, 1872 तोंडी करारही मानतो. करार सिद्ध झाला नाही, तरी कलम 70 आहे: फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याला मोबदला द्यावा लागतो. खरी अडचण येते पुराव्याची. म्हणून काम झाकलं जाण्याआधी दोघांनी मिळून मोजमाप घ्यावं आणि त्यावर सही घ्यावी.

गैरसमज: मालकाने पैसे दिले नाहीत, तर मुख्य ठेकेदारही देणं लागत नाही.
वस्तुस्थिती: करारात तशी अट नसेल, तर त्याचं देणं सुटत नाही. ब्रिटनमध्ये 1996 च्या कायद्याने अशा अटी बहुतांशी निष्प्रभ ठरवल्या. भारतात तशी सरसकट बंदी नाही, त्यामुळे ‘बॅक टू बॅक’ (मालकाकडून मिळाल्यावरच पैसे) हे शब्द सहीआधीच नीट वाचायला हवेत. मालकाशी तुमचा करार नसल्याने त्याच्यावर थेट दावाही सहसा चालत नाही.

गैरसमज: उशीर झाला की करारातला पूर्ण दंड कापता येतो.
वस्तुस्थिती: करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारातला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. नुकसानच झालं नसेल तर भरपाईही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स खटल्यात स्पष्ट केलं. ड्रॉइंग किंवा माल उशिरा मिळाला, तर त्याच दिवशी लेखी कळवा.

गैरसमज: ‘फुल अँड फायनल’वर सही झाली, आता सगळं संपलं.
वस्तुस्थिती: सही दबावाखाली घेतली असेल, तर करारात लवादाची तरतूद असल्यास तो मार्ग आपोआप बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या बोघरा पॉलिफॅब निकालाने सांगितलं. नुसतं म्हणून मात्र भागत नाही, दबाव दाखवून द्यावा लागतो. लेखी हरकत लगेच नोंदवलेली असली, की बाजू भक्कम होते.

गैरसमज: मागत राहिलं की मुदत वाढते.
वस्तुस्थिती: मुदत कायदा, 1963 प्रमाणे अशा दाव्याला साधारण 3 वर्षं मिळतात. फोन, फेऱ्या आणि स्मरणपत्रं यांनी ती वाढत नाहीत. मुदतीच्या आत समोरच्याने थकबाकी सहीनिशी मान्य केली, तर तिथून नवी मुदत सुरू होते. म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याकडून थकबाकी सहीनिशी लिहूनच घ्या.

मजुरांची हजेरी तुम्ही रोज न चुकता लिहिता. तिच्याच शेजारी आपल्या कामाचीही हजेरी लिहा: किती झालं, कोणी सांगितलं, काय अडलं. बिल अडकेल तेव्हा तीच वही तुमच्या बाजूने बोलेल.