पत्र्यास स्वच्छ भोंक पाडण्याचीं हत्यारें व त्यांची निवड

शेतकऱ्याच्या संसारांत पत्र्याचा शिरकाव हळूहळू झाला. परंतु आज त्यावांचून पान हलत नाहीं. गोठ्याचें छप्पर पत्र्याचें, धान्याची कोठी पत्र्याची, पाण्याची टांकी पत्र्याची आणि विहिरीवरील विजेच्या पंपाच्या स्टार्टरची पेटीहि पुष्कळ ठिकाणीं पत्र्याचीच. पन्हळी पत्र्याचें पेटंट इंग्लंडांत १८२९ सालीं निघालें, आणि लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा चढविण्याचें फ्रान्सांत १८३७ सालीं. या दोन युक्ति एकत्र झाल्या व पत्रा जगभर पसरला. मात्र पत्रा घरांत आला, तरी त्यास भोंक कसें पाडावें हें ज्ञान त्याच्याबरोबर आलें नाहीं. अजूनहि बहुतेक ठिकाणीं खिळा आणि हातोडा, नाहीं तर छिन्नी, याच साधनांवर काम उरकलें जातें.

भोंक तें काय, आणि त्याचा एवढा विचार कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, भोंकाच्या कडेवर कधीं धान्य अवलंबून असतें, कधीं पाणी, आणि कधीं माणसाचा जीव. महसूल खात्याच्या नोकरींत गांवोगांव फिरतांना आम्हीं अनेक विहिरींवरील पेट्या पाहिल्या आहेत. छिन्नीनें फाडलेल्या वेड्यावांकड्या भोंकांतून वायर आंत गेलेली असते, आणि पंप चालूं झाला म्हणजे पेटी थरथरते. त्या थरथरीनें पत्र्याची धारदार कड वायरच्या आवरणावर दिवसरात्र करवतीसारखी फिरत राहते. एके दिवशीं आवरण कापलें जातें, तांब्याची तार पत्र्यास लागते आणि सगळी पेटी जिवंत होते. पहांटे ओल्या पायांनीं पंप लावावयास गेलेल्या मनुष्यास त्याची काय कल्पना? पेटीस चांगलें अर्थिंग असावें आणि गळता प्रवाह क्षणांत तोडणारा स्विच असावा, हें खरेंच. परंतु अपघाताचें मूळ ज्या कडेंत आहे, ती कड स्वच्छ करणें हें पहिलें काम होय.

हत्यार निवडण्यापूर्वीं तीन गोष्टी मोजून घ्याव्या. मोजणीवांचून जमिनीची हद्द ठरत नाहीं, तसेंच हें आहे.

पहिली गोष्ट पत्र्याची जाडी. बाजारांत जाडी गेजांत सांगतात. इंग्लंडांत १८८४ पासून लागू झालेल्या तारमापाप्रमाणें १६ गेज म्हणजे १.६३ मिलिमीटर, १८ गेज म्हणजे १.२२, २० गेज म्हणजे ०.९१, २२ गेज म्हणजे ०.७१ आणि २४ गेज म्हणजे ०.५६ मि.मी. आंकडा वाढतो तशी जाडी कमी होते, हें विसरूं नये. गेजाचीं कोष्टकें एकाहून अधिक आहेत. म्हणून दुकानदाराच्या शब्दावर न जातां व्हर्नियर कॅलिपरनें स्वतः माप घ्यावें.

दुसरी गोष्ट भोंकाचा व्यास, आणि येथेंच फार लोक फसतात. ‘अर्धा इंची’ नळ टांकीस बसवावयाचा म्हणून अर्ध्या इंचाचें, म्हणजे १२.७ मि.मी.चें भोंक पाडलें, तर नळ आंत जाणारच नाहीं. पाइपाचें नांव जुन्या काळच्या आंतील पोकळीवरून पडलें आहे, बाहेरील मापावरून नव्हे. अर्धा इंची पाइपाच्या आट्यांचा बाहेरील व्यास २०.९६ मि.मी., पाऊण इंचीचा २६.४४ आणि एक इंचीचा ३३.२५ मि.मी. असतो. भोंक याहून अर्धा ते एक मि.मी. मोठें असावें. वायर आंत घेण्याच्या ग्लँडवर २० किंवा २५ हा मिलिमीटरचा आंकडा असेल, तर तो बहुधा आट्यांचा बाहेरील व्यास असतो. तरीहि ग्लँड हातांत घेऊन मोजावा आणि मगच पत्र्यावर खूण करावी.

तिसरी गोष्ट पत्र्याची जात. साधें लोखंड व जस्ती पत्रा सहज कापला जातो. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळें हत्याराच्या दातांस चिकटतें. त्यावर रॉकेलचे चार थेंब टाकीत जावें. स्टेनलेस पोलाद मात्र घांसलें कीं अधिकच कठीण होतें. म्हणून त्यावर फेरे कमी व दाब भरपूर ठेवावा, आणि हत्यार नुसतें एका जागीं फिरत राहूं देऊं नये.

आतां हत्यारांकडे वळूं.

साधें ड्रिल, म्हणजे पीळदार बिट, सर्वांच्या परिचयाचें आहे. त्याचें पेटंट अमेरिकेंत मोर्स यांनीं १८६३ सालीं घेतलें. जाड लोखंडांत हें उत्तम चालतें. पातळ पत्र्यांत मात्र खोड्या करतें. कारण असें: बिटाच्या टोंकाचा कोन सामान्यतः ११८ अंशांचा असतो, आणि त्या शंकूची उंची व्यासाच्या सुमारें तीन दशांश भरते. म्हणजे १० मि.मी.च्या बिटाचें टोंक ३ मि.मी. उंच. पत्रा एक मि.मी. जाड असेल, तर बाजूच्या धारा आपलें काम पुरें करण्याच्या आधींच टोंक पलीकडे बाहेर पडतें. मधला आधार सुटला कीं बिट हेलकावे घेतें, भोंक गोल न होतां तिकोनी होतें, आणि कधीं कधीं पत्राच बिटास अडकून चक्रासारखा फिरतो. म्हणून पातळ पत्र्यांत सुमारें ६ मि.मी.पर्यंतच साधें ड्रिल वापरावें. क्वचित् मोठें भोंक त्यानेंच पाडणें भाग पडलें, तर पत्रा दोन फळ्यांमध्यें घट्ट आंवळून धरावा. बिटाच्या टोंकाखालीं जाड कापडाची घडी ठेवून हलक्या हातानें भोंक पाडण्याची कारागिरांची जुनी युक्तीहि चांगली आहे. त्या घडीमुळें बिटाचे हेलकावे थांबतात.

दुसरें हत्यार पायऱ्यांचें बिट, ज्यास बाजारांत ‘स्टेप ड्रिल’ म्हणतात. हें उलट्या शंकूसारखें असून त्यावर चढत्या मापाच्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीस मागील पायरीनें पाडलेल्या भोंकाचा आधार मिळतो, म्हणून भोंक गोलच राहतें. एकाच बिटानें अनेक मापें साधतात, आणि पुढील पायरीची कड नुसती टेकविली कीं भोंकाची धारहि मारली जाते. याच्या मर्यादा दोन. पत्र्याची जाडी पायरीच्या उंचीहून कमी असली पाहिजे, नाहीं तर भोंक पुरें होत नाहीं. शिवाय जरा हात जास्त गेला कीं माप एक पायरी वाढतें, आणि वाढलेलें भोंक पुन्हां लहान करतां येत नाहीं. म्हणून हव्या त्या पायरीच्या पुढें आधींच शाईची खूण करून ठेवावी. किरकोळ कामें करणाऱ्या शेतकऱ्यानें एकच हत्यार घ्यावयाचें असेल, तर आमच्या मतें हेंच घ्यावें.

तिसरें ‘होल सॉ’, म्हणजे वाटीच्या आकाराची करवत. तिच्या मध्यभागीं एक लहान बिट असतें. पेटीस किंवा टांकीस २० ते ६० मि.मी.पर्यंतचीं भोंकें तिनें पाडतां येतात. पत्रा जितका पातळ तितके दांत बारीक हवेत. मोठ्या दांतांत पातळ पत्रा अडकतो, आणि ड्रिलयंत्र उलट झटका देऊन मनगट मुरगाळतें. पत्र्यामागें लांकडी फळी लावावी, यंत्र दोन्ही हातांनीं धरावें आणि वाटींत अडकलेली चकती दर वेळीं काढून टाकावी.

चवथें, आणि कडेच्या स्वच्छतेंत सर्वांहून सरस, तें बोल्टानें ओढावयाचें पंच. याचे तीन भाग: एक कापणारें पंच, एक पोकळ डाय आणि दोहोंस जोडणारा बोल्ट. प्रथम बोल्ट जाईल एवढें लहान भोंक पाडावें. लहान मापाच्या पंचांस तें सुमारें १० मि.मी.चें लागतें. मग पत्र्याच्या एका बाजूस डाय व दुसऱ्या बाजूस पंच बसवून पान्यानें बोल्ट आंवळीत जावें. पंच पत्र्यास कापीत डायमध्यें शिरतें आणि चकती अलग होते. कीस उडत नाहीं, ठिणगी पडत नाहीं, पत्रा वांकत नाहीं. मोठ्या भोंकासाठीं विजेची गरज नाहीं. पहिलें लहान भोंक हातानें फिरवावयाच्या ड्रिलनें पाडलें म्हणजे झालें. ज्यांच्याकडे वीज ठराविक तासांचीच येते, त्यांस हा गुण लहान नाहीं. डायच्या बाजूस किंचित् धार उरते. ती कानशीनें मारावी. बोल्टाच्या आट्यांस ग्रीस लावीत जावें, म्हणजे हत्यार वर्षानुवर्षें टिकतें. दोष एवढाच कीं, दर मापास निराळें पंच लागतें आणि संच महाग पडतो. पंचावर छापलेलें माप पाइपाच्या नांवाचें आहे कीं खऱ्या व्यासाचें, हें विकत घेण्यापूर्वीं मोजून पाहावें.

धान्याच्या कोठीचें तोंड किंवा हवेचा झरोका यांसारखें मोठें भोंक वरील हत्यारांनीं होत नाहीं. तेथें कंपासानें वर्तुळ आंखून, मधोमध सुरुवातीचें भोंक पाडून, वळणाच्या पत्रा-कात्रीनें कापीत जावें. डाव्या व उजव्या वळणाच्या कात्र्या निराळ्या मिळतात. कापलेली कड तशीच न ठेवतां दुमडून घ्यावी, म्हणजे धान्य काढतांना हात कापत नाहीं आणि झांकण घट्ट बसतें. झांकण घट्ट बसलें नाहीं, तर त्या फटींतून दमट हवा व कीड आंत जाते, आणि कोठीचा मुख्य उपयोगच नाहींसा होतो. जस्ती पत्रा गॅसच्या ज्योतीनें मात्र कधींहि कापूं नये. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो, त्यानें हुडहुडी भरून ताप येतो. शिवाय कडेचा मुलामा जळून गंज तेथूनच सुरू होतो.

छपराच्या पत्र्याचें भोंक पन्हळीच्या उंचवट्यावर असावें, खोलगट भागांत कधींहि नसावें. कारण पाणी खोलगटांतूनच वाहतें. काम आटोपल्यावर पत्र्यावर पडलेला लोखंडी कीस झाडून काढावा. तसाच राहिला तर पहिल्या पावसांत गंजतो आणि त्याचे तांबूस डाग पत्र्यावर उठतात.

हत्यार कोणतेंहि असो, कामाचा क्रम एकच. मधोमध खूण करून सेंटर पंचानें खळी पाडावी, म्हणजे बिट घसरत नाहीं. मग ३ मि.मी.चें लहान भोंक पाडावें आणि त्यानंतर मोठें हत्यार लावावें. फेरे व्यासाच्या उलट प्रमाणांत ठेवावे. साध्या लोखंडांत ६ मि.मी.च्या बिटास मिनिटास सुमारें १३००, १० मि.मी.स ८०० आणि २० मि.मी.स ४०० फेरे पुरेत; स्टेनलेस पोलादास त्याच्या निम्मे. डोळ्यांस चष्मा हवा. सैल बाही व उपरण्याचें टोंक आवरून घ्यावें, आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे घालूं नयेत. मोजा अडकला तर बोट त्याच्याबरोबर जातें.

स्टार्टरच्या पेटीस हात लावण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करून वीज खरोखर गेल्याची खात्री करावी, आणि आंतील यंत्र काढून ठेवावें किंवा कापडानें पूर्ण झांकावें. धातूचा एक कीस आंत राहिला तरी पुढें भडका उडतो. भोंक पुरें झाल्यावर दोन्ही बाजूंची धार गोल कानशीनें मारावी, उघड्या कडेस जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा आणि ग्लँड किंवा रबरी ग्रोमेट बसवूनच वायर आंत घ्यावी. बोट भोंकाभोंवतीं फिरवून कोठें टोंचत नाहीं, तेव्हांच काम झालें असें समजावें.

राहिला खर्चाचा प्रश्न. सेंटर पंच, लहान बिटें, एक पायऱ्यांचें बिट, गोल व अर्धगोल कानस आणि कॅलिपर एवढें प्रत्येक बागाईतदाराच्या घरीं असावें. ओढपंचाचा संच मात्र एकट्यानें घेण्याचें कारण नाहीं, कारण वर्षांतून चार वेळांहि तो लागत नाहीं. दहापांच शेतकऱ्यांनीं वर्गणी करून किंवा गांवच्या सोसायटीमार्फत एक संच घ्यावा, वहींत नोंद ठेवून तो देत घेत जावें, आणि परत करतांना पुसून, तेल लावून द्यावा. नोंद नीट राहिली तर हत्यारहि नीट राहतें, हा आमचा दप्तरांतील अनुभव आहे. चार शेतकऱ्यांची वर्गणी आणि तासाभराचें काम, एवढ्यांत एका विहिरीवरील पेटी निर्धोक होते. तेव्हां येत्या हंगामापूर्वीं प्रत्येकानें आपल्या पंपाच्या पेटीचें भोंक एकदां वीज बंद करून अवश्य तपासावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.