मास्क लावून एक तास चालून दाखवा!

'हे लोक फवारताना मास्क का लावत नाहीत?' एसी ऑफिसात बसून हा प्रश्न मीही विचारायचो. मग एका वीकएंडला लोणारजवळच्या सुलतानपूरला, काकांच्या शेतात, स्वतःच पाठीवर पंप चढवला. आत साधं पाणी. (औषध हाती द्यायला काकूने साफ नकार दिला!)

16 लिटर म्हणजे पाण्याचंच वजन 16 किलो. शिवाय ते डचमळतं. आपण वळलो की ते मागून वळतं. तोंडावर दोन डब्यांचा रबरी मास्क. चालताना आपण सारखे पायांपुढे बघत असतो, हे तेव्हा कळलं, कारण मास्कने नेमका तेवढाच भाग झाकला. मान वाकवली तर पंपच पुढे ढकलतो. श्वास कोळशाच्या फिल्टरमधून ओढून घ्यायचा. चौथ्या सरीत ढेकळावर पाय पडला आणि मी थेट पऱ्हाटीत!

काका हसले नाहीत. "पडलो त सारं औषध अंगावर येते, बाप्पा," म्हणाले.

मुद्दा बिनतोड. पण 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेही खरंच. आणि नाकावरचा रुमाल वाफ अडवत नाही. उलट भिजला की विष नाकाशीच धरून ठेवतो.

आता काका पंप अर्धाच भरतात. फेऱ्या दुप्पट, पण तोल राहतो. मास्क? परवा फोनवर म्हणाले, "लावतो ना. दोन तास झाले का काढतो. दम लागते."