घोड्याच्या डोळ्यातलं पाणी आणि घरातली ड्रॉपची बाटली

पालघर जिल्ह्यात आशागडपासून तलासरीपर्यंतच्या पट्ट्यात जनावर म्हटलं की बैल, गाय, म्हैस, बकरी. घोडा दिसतो तो बहुतेक लग्नसराईत, वरातीत. त्याच्या डोळ्यातून पाणी गळू लागलं की आजूबाजूचे चारजण सांगतात, ‘डोळे आलेत, दोन दिवसांत उतरेल.’ त्या दोन दिवसांत घोड्याचा डोळा कायमचा जाऊ शकतो. वेळेवर उपचार झाले तर त्यातले बरेच डोळे वाचतात, म्हणून हा समज आधी पुसायला हवा.

माणसाचे डोळे येतात ते बहुतेकदा विषाणूमुळे, आणि ते आपोआप बरे होतात. घोड्याचेही दोन्ही डोळे धुळीने किंवा माश्यांमुळे लाल होतात, चिपडं धरतात. पण एकच डोळा मिटलेला असेल, उजेड सोसत नसेल, तर आधी जखमेचा संशय घ्यावा. घोड्याचा डोळा जमिनीवरच्या प्राण्यांमध्ये सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक. तो डोक्याच्या बाजूला, चांगलाच पुढे आलेला असतो. भाताचा पेंढा, तूस, करवंदीचा काटा, गव्हाणीचा खिळा, काहीही त्याला लागतं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो.

घरच्या घरी पाहता येईल अशी एक खूण आहे. घोड्यासमोर उभं राहून दोन्ही वरच्या पापण्यांचे केस पाहा. निरोगी डोळ्याचे केस जवळजवळ आडवे, बाहेरच्या दिशेला असतात. दुखऱ्या डोळ्याचे खाली झुकतात. डोळा उघडा दिसत असला तरी केस झुकलेले असतील, तर घोड्याला वेदना आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावं.

‘बाहेरून जंतू लागला’ हेही अर्धवट खरं. निरोगी घोड्याच्या डोळ्यातही जंतू असतात, बुरशीसुद्धा असते. कॉर्नियाचा वरचा थर शाबूत आहे तोवर ते निरुपद्रवी. ओरखडा पडला की तेच आत शिरतात. स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस आणि स्यूडोमोनास हे त्यातले घातक. जंतूंची आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची विकरं मिळून कॉर्नियाचं प्रथिन विरघळवू लागतात. जखमेच्या कडा शेवाळी, बुळबुळीत दिसतात, आणि एक-दोन दिवसांत डोळा फुटूही शकतो. अशा वेळी डॉक्टर अँटिबायोटिक थेंबांच्या जोडीला घोड्याच्याच रक्तातून काढलेलं सीरम डोळ्यात घालतात, कारण ही विकरं रोखणारे घटक त्यात असतात. थेंब सुरुवातीला दर एक-दोन तासांनी, रात्रीसुद्धा घालावे लागतात.

सगळ्यांत घातक समज मात्र घरातल्या बाटलीविषयी आहे: ‘आपल्याच डोळ्याचा ड्रॉप आहे, घोड्याला काय होणार?’ मेडिकलमध्ये मिळणाऱ्या अनेक ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. त्याने लाली झपाट्याने उतरते, मालकाला वाटतं गुण आला. पण कॉर्नियावर जखम असेल तर स्टेरॉइडमुळे शरीराचा प्रतिकार मंदावतो, कॉर्निया विरघळण्याचा वेग वाढतो आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आपल्या दमट हवेत बुरशीचा धोका मोठा आहे, आणि बुरशीवर अँटिबायोटिक चालत नाही. तिला नॅटामायसिनसारखं वेगळंच औषध लागतं. कोणत्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड आहे, हे बाटलीवरचं नाव वाचून कळत नाही. जखम आहे का, हे पाहायला डॉक्टर डोळ्यात फ्लुओरेसीन हा नारिंगी रंग टाकतात. जखम असेल तिथे तो हिरवा चमकतो. ही तपासणी काही मिनिटांची असते. ती झाल्याशिवाय स्टेरॉइड घालूच नये.

पण स्टेरॉइड लागतंच असाही एक आजार आहे. डोळ्याच्या आतल्या भागाला सूज येते, बाहुली टाचणीएवढी होते, डोळा निळसर दिसतो. थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा उठतं. पूर्वी अनेक देशांत लोक हा आजार चंद्राच्या कलांशी जोडत. चंद्राचा त्याच्याशी काही संबंध नाही. या वारंवार उठणाऱ्या सुजेमागे अनेकदा लेप्टोस्पायरा हा जंतू असतो. हे नाव आपल्याला नवं नाही: 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, आणि चिखलात भातलावणी करणाऱ्यांना दर पावसाळ्यात त्याचा धोका असतो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू डबक्यात उतरतो. घोड्याला डबक्याचं पाणी पाजू नये, खुराकाच्या गोणीत उंदीर शिरू देऊ नयेत. संसर्ग झाल्यावर कधीकधी महिने-वर्षं उलटून डोळा सुजतो, तेव्हा मूळ कारण कुणाच्या ध्यानातही नसतं.

मिठाचं पाणी, खडीसाखरेची पूड, तंबाखूचं पाणी, तोंडातून मारलेली फुंकर. ‘फूल पडलं’ की हे उपाय सुचवणारे भेटतातच. पूड जखम आणखी घासते, थुंकीतून नवे जंतू जातात. फूल म्हणजे सूज किंवा भरून आलेल्या जखमेचा डाग असतो, आणि तो खरवडून निघत नाही. डॉक्टर येईपर्यंत स्वच्छ उकळून गार केलेल्या पाण्याने किंवा सलाईनने चिपडं पुसावीत, घोडा सावलीत बांधावा, डोळा घासू देऊ नये. बस्स.

माश्यांबद्दल थोडं. त्या नुसत्या त्रास देत नाहीत. हॅब्रोनेमा या जंताच्या अळ्या त्याच सोडतात, आणि डोळ्याच्या कोपऱ्यात न भरणारी, दाणेदार फोडासारखी जखम होते. शेण रोज दूर टाकावं, डोळ्यांना जाळीचा मुखवटा घालावा. दोन्ही डोळ्यांबरोबर नाकातूनही पू येत असेल तर घोडा लगेच वेगळा बांधावा. तो ग्लँडर्स असू शकतो, आणि ग्लँडर्स हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला, माणसालाही होणारा आजार आहे.

उपचार सुरू झाल्यावरही एक लक्षात ठेवायचं असतं. डॉक्टर अ‍ॅट्रोपीन देतात, त्याने वेदना कमी होते आणि बाहुली मोठी राहते. पण त्याने घोड्याच्या आतड्यांची हालचालही मंदावू शकते. म्हणून लीद रोज पडते का, पोट फुगतंय का, हे पाहत राहावं. अनेक दिवस थेंब घालून घोडा हट्टी होतो, डोकं हिसडतो; अशा वेळी पापणीतून बारीक नळी बसवून मानेजवळून औषध सोडता येतं. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं अंतर ठेवावं, बाटलीचं टोक डोळ्याला टेकवू नये. जवळ घोड्यांचे डॉक्टर नसतील, तर 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाशी बोलता येतं. गुंतागुंतीच्या केससाठी परळला 1886 पासून चालू असलेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फोन करताना कोणता डोळा, कधीपासून, आणि आधी कोणता ड्रॉप घातला, हे न लपवता सांगावं.