लहान कर्ज व सूर्याचा दिवा : बांगलादेशाचा अनुभव

कर्ज हा शब्द दक्षिणेंतील शेतकऱ्यास सुखाचा वाटत नाहीं. १८७५ सालीं पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या मुळाशीं कर्जच होतें. आणि १९०४ च्या कायद्यानें सहकारी पतपेढ्या निघूं लागल्या, त्या ह्याच रोगावर उपाय म्हणून. तथापि कर्ज स्वभावतः वाईट नसतें. ज्या कर्जानें घेतलेली वस्तु आपला हप्ता आपणच कमावते, तें कर्ज तारक. ज्याचा हप्ता पोटास चिमटा घेऊन भरावा लागतो, तें मारक. हवामानबदलास तोंड देण्यास उपयोगी असे लहान धंदे, उदाहरणार्थ सौर दिवे बसविणें, सौर पंपानें पाणी पुरविणें, सुधारलेल्या चुली घडविणें, ह्यांकरितां आज अनेक गरीब देशांत विनातारण लहान कर्जें दिलीं जातात. अशीं कर्जें कोठें तरतात व कोठें बुडतात, हें समजण्यास बांगलादेशाचें उदाहरण फार बोधप्रद आहे; म्हणून त्याची हकीकत येथें देत आहों.

त्या देशांत लहान कर्जाचा प्रयोग १९७६ सालीं चितगांवजवळील जोब्रा गांवीं सुरू झाला व १९८३ सालीं त्यांतून ग्रामीण बँक उभी राहिली. १९९६ सालीं ग्रामीण शक्ति ही निराळी संस्था सौर दिव्यांसाठीं निघाली. त्या वेळीं बहुतेक खेड्यांत विजेची तार पोंचली नव्हती. घरांत व दुकानांत घासलेटचे दिवे जळत. छपरावरील सौर पॅनेल, बॅटरी व तीन-चार दिवे ह्यांची एकरकमी किंमत गरीब कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची होती. परंतु तेंच कुटुंब दर आठवड्यास घासलेटवर पैसा खर्च करीतच होतें. हा धुरांत जाणारा पैसा हप्त्याकडे वळवावा, हें ह्या योजनेचें मूळ.

२००३ पासून इडकॉल ही सरकारी वित्तसंस्था जागतिक बँकेच्या साह्यानें ह्या कामांत पडली. तिनें स्वतः दिवे विकले नाहींत. खेड्यांत काम करणाऱ्या चाळिसांहून अधिक संस्था दिवे बसवीत. ग्राहक किंमतीचा दहा-पंधरा टक्के भाग आरंभीं रोख देई व उरलेली रक्कम दोन-तीन वर्षांत मासिक हप्त्यांनीं फेडी. दिवा बसल्याची तपासणी झाली, कीं त्या कर्जाचा मोठा भाग इडकॉल संस्थेस दीर्घ मुदतीनें व हलक्या व्याजानें देई. त्यामुळें तोच पैसा संस्थेस पुढल्या ग्राहकासाठीं मोकळा होई. आरंभींचें अनुदानही क्रमाक्रमानें घटविण्यांत आलें.

ह्या व्यवस्थेचें खरें बळ मात्र दुरुस्तींत होतें. हप्ता घेण्यास येणारा संस्थेचा माणूस दिव्याचीही पाहणी करी. बॅटरीची हमी पांच वर्षांची, म्हणजे कर्जाच्या मुदतीहून अधिक होती. बंद पडलेल्या वस्तूचा हप्ता कोणीही मनापासून भरीत नाहीं, हें ह्या लोकांनीं ओळखलें होतें. खेड्यांतील स्त्रियांस दिव्यांचे भाग जोडण्याचें व दुरुस्तीचें शिक्षण देण्यांत आलें व त्यांतून त्यांस मिळकत झाली. दुकानदारास सूर्यास्तानंतर दुकान उघडें ठेवतां येऊं लागलें. २००८ पर्यंत ५०,००० दिवेसंच बसविण्याचा संकल्प २००५ सालींच पुरा झाला. आणि २०१८ पर्यंत सुमारें ४१ लाख संच बसून जवळजवळ दोन कोटि लोकांस उजेड मिळाला.

इतकें यश मिळूनही कार्य पुढें कां थांबलें? २०१३ नंतर विजेच्या तारा अपेक्षेपेक्षां लवकर खेड्यांत पोंचल्या. सरकारच्याच दुसऱ्या योजनांतून फुकट पॅनेलें वांटलीं जाऊं लागलीं. बाजारांत स्वस्त व कमी प्रतीचा मालही आला. शेजाऱ्यास फुकट मिळालेल्या वस्तूचे हप्ते आपण कां भरावे, हा ग्राहकाचा प्रश्न अन्यायाचा नव्हता. एका वर्षांत तार आल्यास संच परत घेण्याची हमी होती. पण कर्ज तीन वर्षांचें असे. वसुली खालावली, संस्थांस इडकॉलचें देणें फेडतां येईना, व २०१८ सालीं नवे संच बसविणें बंद झालें. वीज आली ही आनंदाचीच गोष्ट. २०२२ सालीं सर्व देशांत वीज पोंचल्याचें तेथील सरकारनें जाहीरही केलें. परंतु सरकारी धोरण बदलल्याचा भार लहान संस्थांवर व ऋणकोंवर पडला. ज्या धोक्यावर ऋणकोची सत्ता नाहीं, तो कोणीं सोसावा हें आरंभींच पुरतें ठरलें नव्हतें, हें त्याचें कारण.

सौर पंपांच्या योजनेंत हा धोका शेतकऱ्यावर टाकलेला नाहीं. पंप संस्थेचा असतो. त्याचें भांडवल कांहीं अनुदानाचें, कांहीं कर्जाचें व कांहीं संस्थेचें असतें, आणि शेतकरी फक्त पाण्याचे पैसे देतो. तथापि उन्हाळी बोरो भातास पाणी लागतें तितकें पावसाळी पिकास लागत नाहीं. पंप रिकामा राहतो, पण हप्ता थांबत नाहीं. गुजरातेंतील ढुंडी गांवच्या शेतकऱ्यांनीं २०१६ सालीं सहकारी मंडळी करून उरलेली सौर वीज वीजकंपनीस विकण्यास आरंभ केला, तो ह्याच अडचणीवरील एक उपाय होय.

आपल्या पतपेढ्यांनीं ह्यांतून चार प्रश्न उचलावे. हप्ता वांचणाऱ्या किंवा वाढणाऱ्या मिळकतींतून निघतो काय? दुरुस्ती करणारा माणूस जवळ आहे काय, व हमी कर्जाहून लांब आहे काय? हप्ता महिन्याच्या तारखेस नसून पीक हातीं येण्याच्या वेळीं आहे काय? धोरण बदलल्यास नुकसान कोणाचें, हें करारांत लिहिलें आहे काय? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनीं सूक्ष्मकर्ज हें तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबास द्यावयाचें विनातारण कर्ज ठरविलें असून, सर्व कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावे, असें बंधन घातलें आहे. पण निम्मी ही शेवटची मर्यादा आहे, माप नव्हे. ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तरच सभासदानें कागदावर सही करावी.