गावची आग आणि बंबाची हद्द

होळी झाली की आमच्या अजिंठ्याच्या पठारावर खळ्यांचे दिवस येतात. गहू-हरभरा निघतो, मक्याची कणसे सोलून ढीग लागतात, आणि वर्षभर जनावरांस पुरेल असा कडबा गंजीस लागतो. याच दिवसांत ओढे आटतात, विहिरी तळाशी जातात, दुपारी वारा सुटतो आणि विजेच्या तारा उन्हाने सैल पडून एकमेकींस घासू लागतात. म्हणजे ज्या महिन्यांत शेतकऱ्याचे सारे धन उघड्यावर व कोरडे पडलेले असते, नेमक्या त्याच महिन्यांत पाणी कमी व ठिणगी फार. ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु आग लागल्यावर ती विझविण्याची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे, हे विचारल्यास शंभरांत पाच जणांनाही नीट सांगता येणार नाही. त्याचाच विचार आज करावयाचा आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. आगीचे पंचनामे वाचणे, त्यांच्या नकला करणे व नुकसानीचे तक्ते वर पाठविणे हे काम आम्ही पुष्कळ वर्षे केले. त्या कागदांत एक गोष्ट वारंवार दिसे. आग दुपारी एक-दोनच्या सुमारास लागलेली, आणि बंब पोहोचला तो दिवस कलताना. एका पंचनाम्याची आठवण तर अजून बुजत नाही. जिल्ह्याच्या शिवेवरील एका वस्तीत गंजीला आग लागली. जवळचे शहर दुसऱ्या जिल्ह्यातले. तेथे दूरध्वनी केला तेव्हा पहिला प्रश्न आला, ‘तालुका कोणता?’ तालुका सांगितल्यावर उत्तर मिळाले की आपल्या तालुक्याकडे मागा. आपल्या तालुक्याचा बंब निघाला व पोहोचला तेव्हा दोन गंज्या, गोठा व दावणीची एक गाय इतके जळून गेले होते. पंचनाम्यात हे सर्व व्यवस्थित लिहिले गेले. पण ‘तालुका कोणता’ या प्रश्नात गेलेला वेळ लिहिण्यास त्या नमुन्यात रकानाच नव्हता. पुढे चारा नाही म्हणून त्या शेतकऱ्याने उरलेली जोडीही बाजारात नेली. आग एका दुपारची, पण तिचा फेरा दोन वर्षांचा, असे म्हणतात ते खरे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९२ साली राज्यघटनेत ७३वी व ७४वी दुरुस्ती झाली व दोन नव्या अनुसूची जोडण्यात आल्या. शहरांच्या संस्थांकरिता बारावी अनुसूची आहे. तिच्यात १८ विषय असून सातवा विषय ‘अग्निशमन सेवा’ हा आहे. पंचायतींकरिता अकरावी अनुसूची आहे. तिच्यात शेती, पशुसंवर्धन, पिण्याचे पाणी, रस्ते, जळण व चारा असे २९ विषय आहेत, पण अग्निशमन नाही! म्हणजे चारा हा गावाचा विषय झाला, आणि तो चारा पेटला तर विझविणे हा शहराचा विषय झाला. महाराष्ट्राच्या १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातील ग्रामसूचीत आग विझविण्यास साहाय्य करणे व आगीच्या प्रसंगी जीवित-वित्ताचे रक्षण करणे हे काम आहे खरे. परंतु ग्रामसूचीतील कामे ग्रामनिधी पुरेल तितपतच करावयाची आहेत. नगरपरिषदेस मात्र १९६५च्या अधिनियमाने आग विझविणे हे बंधनकारक कर्तव्य आहे, आणि ते तिच्या हद्दीपुरते. सबब नगरपरिषदेचा बंब खेड्यात येतो तो शेजारधर्म म्हणून येतो. शेजारधर्म थोर खरा. परंतु त्याच्या भरवशावर गंजी रचता येत नाही.

यावर देखरेख करणारा कोणी आहे काय? आहे, पण तुकड्यातुकड्याने. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा ६ डिसेंबर २००८ पासून अमलात आला. राज्यास अग्निशमन सेवा संचालक आहेत. पण बंब, माणसे व पगार स्थानिक संस्थेचे. औद्योगिक वसाहतींचे बंब वेगळे, साखर कारखान्यांचे वेगळे, आणि जंगलात जाळरेषा काढून वणवा आवरणे हे वनखात्याचे काम. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. आपत्तीच्या वेळी कोणत्याही खात्याची साधने उपयोगास घेण्याचा अधिकार या प्राधिकरणास आहे. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या राज्यांत अग्निशमन हे राज्य सरकारचे एक खाते आहे. आपल्याकडे मात्र जितक्या संस्था तितकी दले. केंद्र सरकारने २०१९ साली राज्यांकरिता अग्निशमन सेवेचा नमुना-कायदा पाठविला, व २०२३ साली अग्निशमन सेवांच्या वाढीसाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. तात्पर्य, साधने अगदीच नाहीत असे नाही. ती एका दोरीत ओवलेली नाहीत, हे खरे दुखणे होय.

आमच्या अजिंठ्याचेच उदाहरण घ्या. तालुक्याचे ठिकाण सिल्लोड. ते येथून तीस किलोमीटरांच्या आसपास. घाट उतरले की सोयगाव तालुका व त्यापलीकडे जळगाव जिल्हा. पूर्वेच्या व आग्नेयेच्या बाजूस जालना व बुलढाणा जिल्ह्यांच्या शिवा फार दूर नाहीत. ग्रामीण भागात वर्दी मिळाल्यापासून २० मिनिटांत बंब पोहोचावा असे प्रमाण आपल्या देशात मानलेले आहे. भरलेला बंब ताशी ४० किलोमीटर वेगाने आला तरी सिल्लोडहून अजिंठ्यास पाऊण तास हवा; आणि पुढे शिवारातली वाट धरावयाची ती निराळीच. कोरडी गंजी जळून जाण्यास पाऊण तास लागत नाही. म्हणून दोष बंबाच्या चालकाचा नसून अंतराचा व व्यवस्थेचा आहे, हे आधी ध्यानात घ्यावे.

हा प्रश्न केवळ आपल्याच वाट्यास आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात खेड्यापाड्यांनी आपापले ‘अग्निरक्षण जिल्हे’ केलेले असतात. ते लोकांच्या करावर चालतात व बहुधा लोकांनी निवडलेले पंच त्यांचा कारभार पाहतात. असे छोटे जिल्हे फार झाले, हद्दी एकमेकींत गुंतल्या. म्हणून १९६३च्या कायद्याने तेथे परगण्यापरगण्यांत एक आयोग नेमण्यात आला. कोणत्या संस्थेची हद्द कोठवर असावी, तिची सेवा पुरेशी आहे काय, दोन संस्था एक कराव्या काय, हे तो आयोग पाहतो. तेथील काँट्रा कोस्टा परगण्याच्या पूर्व भागात २००२ साली तीन लहान जिल्हे मिळून एक करण्यात आला. क्षेत्र सुमारे २५० चौरस मैल. पण कराचा वाटा जुन्या शेतवस्तीच्या मानाने ठरलेला, आणि वस्ती तर वाढली. जादा कराची मागणी मतदारांनी नाकारली, तेव्हा एकामागून एक ठाणी बंद पडून आठांची तीन राहिली. शेवटी २०२२ साली तो जिल्हा परगण्याच्या मोठ्या दलात विलीन झाला. यातून धडा असा की, नुसते एकत्र येणे पुरे नाही. गाठीस पैसा नसेल तर दोन गरिबांची मोट बांधून श्रीमंत होत नाही.

न्यूझीलंड देशाने १ जुलै २०१७ रोजी शहरी दल, ग्रामीण अग्नी प्राधिकरण व निरनिराळ्या ग्रामीण संस्था मिळून चाळीसच्या सुमारास संस्था एका छत्राखाली आणल्या. तेथील बहुसंख्य माणसे बिनपगारी स्वयंसेवक आहेत. मोठ्या संस्थेत खेड्याचा आवाज बुडू नये म्हणून स्थानिक सल्लागार समित्यांची तरतूद कायद्यातच करण्यात आली. हा दुसरा धडा. देखरेख एका हाती असावी, पण वाट, विहीर व वारा जाणणाऱ्या गावकऱ्यास विचारल्यावाचून काम होऊ नये.

मग आपण काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे दहा-पंधरा गावांचा एक अग्निरक्षण गट असावा. ग्रामपंचायत अधिनियमात दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची सोय आहे. तिचा उपयोग याकामी व्हावा. गट करताना तीन प्रश्नांची उत्तरे ठरावातच लिहून ठेवावी. पैसा कोण देणार? हुकूम कोणाचा चालणार? आणि हिशेब कोण तपासणार? ही तीन उत्तरे लिहिलेली नसतील तर पहिल्या वर्षी पुढारी भांडतात व दुसऱ्या वर्षी टँकर गंजतो.

पैशाचा नुसता अंदाज म्हणून एक गणित मांडतो. पंधरा गावे, गावास सरासरी ३०० उंबरे, व दर उंबऱ्यास वर्षाला १०० रुपये धरले तर ४,५०,००० रुपये जमतात. यात मोठा बंब येणार नाही; परंतु ट्रॅक्टरला जोडावयाचा पाण्याचा टँकर, त्यावर डिझेलचा पंप व लांब नळी, आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत पगारी चालक व दोन माणसे, इतकी सुरुवात दोन-तीन वर्षांच्या वर्गणीत होऊ शकेल. हा टँकर गटाच्या मध्यावरील गावी भरलेला उभा असावा. त्याने आग आवरून धरावी, व मागून नगरपरिषदेच्या बंबाने ती विझवावी. त्या बंबाच्या फेरीचा खर्च कोणी द्यावयाचा याचा करार गटाने अगोदरच, जिल्हा प्रशासनाच्या मध्यस्थीने करून ठेवावा. करारात तालुक्याचे नाव न लिहिता अंतर लिहावे. जो बंब जवळचा तो आधी निघेल, मग तो कोणत्याही जिल्ह्याचा असो. हुकूम आगीच्या जागी प्रथम पोहोचलेल्या शिकलेल्या माणसाचा चालावा, सरपंचाचा नव्हे. हिशेब दरवर्षी ग्रामसभेपुढे वाचावा व त्याची प्रत पंचायत समितीस जावी.

विद्यमान व्यवस्थेतच आजपासून करण्याजोग्या काही गोष्टी आहेत. पहिली गोष्ट वाटेची. पाणंद नांगरून शेतात घातलेली असेल तर बंब बांधावरच थांबतो. वहिवाटीचा रस्ता अडविला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ अन्वये अडथळा दूर करण्याचा अर्ज तहसीलदारांकडे देता येतो, आणि शेतास वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये बांधावरून वाट मागता येते. असे अर्ज आम्ही ढिगाने पाहिले; पण भांडण झाल्यावर दिलेले. आग लागण्यापूर्वी वाट मोकळी व्हावी म्हणून दिलेला अर्ज आमच्या पाहण्यात एकही आला नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. आग लागली की प्रथम वीज तोडावी लागते, आणि वीज तोडली की विहिरीवरील मोटार बंद पडते. हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. म्हणून गावात निदान एक डिझेल इंजिन चालू स्थितीत असावे. फवारणीच्या ट्रॅक्टरची टाकी या दिवसांत रिकामी उभी न करता भरून ठेवावी. पहिल्या पाच मिनिटांत ती टाकी जे काम करील ते तासाने आलेला बंब करणार नाही.

तिसरी गोष्ट गंजीची. गंजी तारेखाली रचू नये, घराला व गोठ्याला लागून रचू नये, आणि सर्व चारा एकाच गंजीत ठेवू नये. दोन गंज्यांमध्ये मोकळी जागा ठेवून भोवती नांगराचे चार तास काढावे. ओला चारा गंजीत दडपू नये. तो आतून तापतो. बांध जाळावयाचे असतील तर वारा पडल्यावर, शेजाऱ्यास सांगून, पाणी जवळ ठेवून जाळावे. न जाळता आले तर फारच उत्तम.

चौथी गोष्ट कागदाची. आग लागल्यास १०१ अथवा ११२ या क्रमांकावर गावाचे नाव, जवळचा मोठा रस्ता व वाटेची खूण सांगावी. आगीनंतर तलाठी, ज्यास आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याजकडून पंचनामा करून घ्यावा. आग ही सरकारी मदतीच्या आपत्तींच्या यादीत आहे. बंबास किती वाजता वर्दी दिली व तो किती वाजता आला, या दोन वेळा पंचनाम्यात आग्रहाने लिहवून घ्याव्या. शेकडो पंचनाम्यांत या वेळा नोंदल्या गेल्या तरच वरच्यांस उशीर दिसेल. जे कागदावर नाही ते सरकारास दिसत नाही, हा आमचा जन्मभराचा अनुभव आहे.

दरसाल १४ एप्रिलपासून देशात अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट होऊन आगीशी झुंजताना मुंबईच्या दलातील ६६ जवान कामी आले, त्यांचे ते स्मरण. हा सप्ताह बरोबर आपल्या खळ्यांच्या दिवसांत येतो. त्या आठवड्यात गावोगावी ग्रामसभेत एवढा एकच प्रश्न विचारला जावा: आज दुपारी आपल्या शिवारात आग लागली तर प्रथम कोण येईल, कोठून येईल, आणि किती वेळात येईल? ज्या गावास याचे उत्तर देता येईल त्याने शेजारच्या चार गावांस ते शिकवावे. ज्यास देता येणार नाही त्याने त्या चार गावांस बोलावून एकत्र बसावे. आग शिव ओळखत नाही; तिच्यापुरती आपणही शिव विसरलो तर पुष्कळांच्या दावणीची जनावरे दावणीसच राहतील.