नवं ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर पीसी बंद पडतोय? आधी पॉवर सप्लायचा स्टिकर वाचा

मे महिन्यात, ऐन लग्नसराईत, कुर्डुवाडीहून आतेभावाचा फोन आला. "ताई, नवीन कार्ड टाकलंय आणि एक्सपोर्ट लावला की पीसी फटकन बंद होतोय. ना एरर, ना निळा स्क्रीन. दुकानदार म्हणतोय कार्डच गेलंय."

तो लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. दोन पार्ट्यांचे व्हिडिओ द्यायचे बाकी होते आणि कार्डात सगळ्या सीझनची बचत घातलेली. त्यात कार्ड सेकंडहँड. परत द्यायचं तर चार दिवसांत सांगायला हवं होतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, हार्डवेअर हा काही माझा धंदा नाही. पण 'लोड आला की बंद' हे लक्षण ऐकलं की पहिला संशय पॉवर सप्लायवर जातो, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला एसएमपीएस म्हणतात तो डबा. शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडली.

कार्ड खरंच गेलंय का?

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशा नोंदींची रांग होती. हे बघून बरेच जण घाबरतात. या नोंदीचा अर्थ एवढाच, की विंडोज नीट शटडाऊन न होता मशीन बंद झालं. का झालं, ते ती सांगत नाही.

मग एक सोपी चाचणी केली. एमएसआय आफ्टरबर्नर या फुकट सॉफ्टवेअरमधून कार्डची पॉवर लिमिट ६० टक्क्यांवर आणली आणि तोच प्रोजेक्ट पुन्हा एक्सपोर्टला लावला. वेळ जास्त लागला, पण पूर्ण झाला. दुसऱ्यांदाही झाला. कार्ड ठणठणीत होतं, त्याला पोटभर वीज मिळत नव्हती.

स्टिकरवरचा मोठा आकडा आणि छोटा आकडा

कॅबिनेटचं झाकण उघडलं. एसएमपीएस कॅबिनेटसोबत आलेला, स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट. भाऊ म्हणाला, "बघ, साडेचारशेचा आहे की!" पण त्याच स्टिकरवर खाली बारीक तक्ता असतो. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा वेगवेगळ्या लाइन आणि प्रत्येकीचे अँपिअर दिलेले असतात. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे गिऱ्हाईक जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. तिथे लिहिलं होतं १६ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. १२ गुणिले १६, झाले १९२ वॅट. साडेचारशेतले बाकीचे वॅट अशा लाइनींवर दाखवलेले, जिथे त्यांना फारसं कुणी विचारत नाही.

या लाइनींना इंग्रजीत रेलच म्हणतात. कुर्डुवाडीकरांना हे पटकन कळेल. १८९७ मध्ये इथून बार्शीकडे नॅरो गेज गाडी सुरू झाली, ती बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने तिच्या हलक्या रुळांसाठी एका ॲक्सलवर ५ टनांची मर्यादा धरून डबे आणि इंजिनं आखली होती. गाडीचं एकूण वजन किती, यापेक्षा एका ॲक्सलखाली रुळावर किती भार येतो हे महत्त्वाचं. आपल्या एसएमपीएसमध्येही भार १२ व्होल्टच्या रेलवर येतो, म्हणून आकडा तिचाच बघायचा.

आता हिशोब

भावाचा प्रोसेसर आय५-१२४००एफ. बॉक्सवर ६५ वॅट असतं, पण तो बेस आकडा. टर्बोमध्ये तो ११७ वॅटपर्यंत जातो आणि एक्सपोर्ट करताना टर्बोच चालू असतो. (एएमडीवाल्यांनी हसू नये. ६५ वॅट लिहिलेल्या रायझन ५ ३६०० ची खरी मर्यादा ८८ वॅट आहे.) आधीचं कार्ड जीटी १०३०, ते ३० वॅटचं. ११७ अधिक ३० म्हणजे १४७, १९२ च्या आत. म्हणून इतके दिवस सगळं सुरळीत होतं. नवं कार्ड आरटीएक्स ३०६०, १७० वॅट. बेरीज २८७. तिथेच खेळ संपला.

त्यात मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, दोन हार्डडिस्क, पंखे यांचे मिळून साठेक वॅट धरा. साधारण ३४५. मग ३५० चा एसएमपीएस पुरेल का? नाही. ग्राफिक्स कार्ड काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्या आकड्याच्या बरंच वर उसळी मारतं आणि सप्लायचं संरक्षण तेवढ्यात ट्रिप होऊ शकतं. शिवाय सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा. चाळिशी पार गेलेल्या दुपारी बंद खोलीतला एसएमपीएस थंड खोलीतल्याइतका दम धरत नाही, आणि वर्षं जातील तसा तो थकतोही. मी एकूण बेरजेच्या दीडपट धरते. ३४५ चे झाले ५१७, म्हणजे बाजारात मिळणारा ५५० वॅटचा. एनव्हिडियाही ३०६० साठी ५५० च सुचवते. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टसमोर साधारण ४५ अँपिअर दिसतात.

दुकानदाराचा पर्यायी सल्ला होता, "हजार वॅटचा टाका, टेन्शन नको." बिघडणार काही नाही, फक्त पैसे जातील. बिल मात्र वाढत नाही. १८ वॅट घेणाऱ्या फोनला ६७ वॅटचा चार्जर लावला तरी फोन १८ च घेतो, तसंच इथे. ८५ टक्के एफिशियन्सी धरली तर ३४५ वॅटसाठी भिंतीतून साधारण ४०५ वॅट ओढले जातात, म्हणजे चार तासांच्या एक्सपोर्टला दीड युनिटच्या थोडं वर. '८० प्लस ब्रॉन्झ', 'गोल्ड' हे शिक्के याच एफिशियन्सीचे आहेत. सप्लाय किती भार पेलेल, ते त्यातून कळत नाही.

झाकण उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, ती बघून मला घाम फुटला. जुन्या एसएमपीएसला कार्डची ८-पिन वायरच नव्हती. म्हणून दुकानात हार्डडिस्कच्या जुन्या पांढऱ्या चार-पिन वायरी दोन जोडून ८-पिनचा जुगाड केलेला. ८-पिनमधून १५० वॅटपर्यंत जाऊ शकतात. त्या बारीक वायरी हाताला गरम लागत होत्या. असा कन्व्हर्टर दिसला तर मशीन चालू करू नका. नवा सप्लाय मॉड्युलर असेल तर त्याच्याच वायरी वापरा. दुसऱ्या सप्लायच्या वायरी खाचेत बसतात, पण पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि हार्डडिस्क जळू शकते.

यूपीएसला विसरू नका

५५० चा नवा सप्लाय बसवला, चार-साडेचार हजार गेले. पॉवर लिमिट परत १०० वर नेली, एक्सपोर्ट पूर्ण. आत्याने तेवढ्यात दुसऱ्यांदा चहा आणला. आणि लाइट गेली. यूपीएसने एक लांब शिट्टी मारली आणि सगळं बंद.

कारण यूपीएस ६०० व्हीएचा. व्हीए म्हणजे वॅट नव्हे. त्याच्या मागेच लिहिलं होतं ३६० वॅट, आणि आपण ओढतोय ४०५, वर मॉनिटर. त्याला आता १ केव्हीए, ६०० वॅटचा लागणार होता. स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत आणि काही नव्या सप्लायना ते चालत नाही, म्हणून घेताना पीसी दुकानात नेऊन, मेन्सचा प्लग काढून बघा. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दोष बहुतेक सॉकेटच्या अर्थिंगचा असतो. वायरमनला बोलवा.

यूपीएस पुढच्या महिन्यात घ्यायचं ठरलं. तोवर लाइटचा भरवसा नसेल त्या दिवशी पॉवर लिमिट ६० वर, असं त्याने मॉनिटरला चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलंय. दोन्ही लग्नांचे व्हिडिओ गेले. जुना एसएमपीएस उघडून 'आत काय आहे बघू' म्हणत होता, तो मी हातातून काढून घेतला. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ चार्ज राहतो.